न सांगायचा पत्ता

लग्नं जमवायला बसलं की लग्नं जमतील तेव्हा जमतील, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण तिथे इतकी हसले नाही आणि इतकी चिडलेही नाही, जितकी या विवाह मंडळात हसले आणि चिडले. परवा मैत्रिणींना एकच सांगायला बसले, तर चहा दोनदा झाला तरी माझं संपेना. शेवटी त्याच म्हणाल्या, लिहून काढ एकदाचं. तर ऐका.

मंडळ म्हणजे काही बडं प्रकरण नाही. इंदूरच्या सियागंजात एका मसाल्याच्या गोदामावर एक खोली आहे, मालकानं फुकट दिलेली. रविवारी बाजार शांत असतो, तेव्हा दहा ते एक आम्ही तिथे बसतो. खाली लाल मिरचीची पोती. त्यामुळे मुलगा-मुलगी पहिल्यांदा समोरासमोर आले की आधी दोघंही शिंकतात. एखाद्या आजी शिंकेवरून तोंड वाकडं करतात, तेव्हा आमचे जगदाळेकाका म्हणतात, मिरचीची शिंक धरत नाहीत. बस, विषय खतम.

आम्ही तिघं. जगदाळेकाका अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि हे त्यांनी तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं नाही, तर समजा आज काकांची तब्येत ठीक नाही. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. दुसरे मेश्रामसाहेब, महूचे. वडील आणि आजोबा दोघं फौजेत, हे स्वतः एका सरकारी ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला. दिवसभरात दहा वाक्यं बोलतील, पण ती ऐकावी लागतात. मंडळात येतानाच त्यांनी सांगितलं होतं, फॉर्मवर जातीचा रकाना असेल तर मी बसणार नाही. काकांनी तो रकाना त्यांच्या समोर पट्टी धरून खोडला. तिसरी मी, शैला. माझा पारा लवकर चढतो, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते.

* * *

आधी आमचं काम कसं चालायचं बघा. बायोडाटा आला की काका त्याचा फोटो काढायचे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे. नाव, फोटो, जन्मवेळ, पगार, मोबाइल, घराचा नंबर, गल्ली, अगदी 'मारुतीच्या देवळासमोर' पर्यंत सगळं. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. त्यातली निम्मी कोण, हे आम्हालाच माहीत नव्हतं! काकांचं म्हणणं एकच, लग्नाची गोष्ट आहे, जितकी पसरेल तितकी बरी.

तर सुदामानगरच्या एका गृहस्थांना नागपूरच्या चुलतभावाचा मेसेज आला. एक मुलगा फार चांगला आहे, तुमच्याच इंदूरचा आहे, आमच्या मेव्हणीच्या मुलीसाठी चौकशी करा. त्यांनी फोटो उघडून पाहिला तर आपलाच मुलगा! बायोडाटा आमच्या खोलीतून निघाला, उज्जैन, बडोदा, नागपूर करून तीन महिन्यांनी घरी वापिस आला होता. वरून नाव कापलं गेलं होतं आणि रस्त्यात कोणीतरी मुलाची उंची दोन इंच वाढवली होती.

ते गृहस्थ दुसऱ्या रविवारी तणतणत जिना चढले. मला वाटलं, आता खरडपट्टी. काकांनी पाणी पुढे केलं. ते पाणी प्यायले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ते दोन इंच... तसेच राहू देता येतील का?"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण त्याच ग्रुपवरून नंबर उचलून एका मुलीला अनोळखी लोक फोन करायचे, वाटेल ते बोलायचे. ती सांगायला आली तर आम्ही काय म्हटलं? ब्लॉक कर बेटा. आणि पुढची नोंद घ्यायला लागलो. त्याची मला आज लाज वाटते.

* * *

मग नीरजा आली. एकतीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. घटस्फोट झालेला. ते लपवायचं नाही, असं तिनं आल्या आल्या सांगितलं, हवं तर मोठ्या अक्षरात लिहा म्हणाली. लपवायचा होता तो फक्त पत्ता.

कोर्टातलं संपलं होतं, पण पहिला नवरा संपवत नव्हता. कधी ऑफिसबाहेर उभा राहायचा, कधी घराखाली. ओळखीपाळखीच्या माणसांना पाठवून चौकशी करायचा. तिनं दोन घरं बदलली, मोबाइल बदलला. एकदा बिल्डिंगच्या ग्रुपवर भाडेकरूंची यादी फिरली आणि पत्ता गेला. एकदा मावशीनं कौतुकानं कुठेतरी फोटोसकट टाकला. "दोन्ही वेळा भल्या माणसांनीच दिला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं.

काकांनी फॉर्म पुढे सरकवला. तिनं पेन उघडलं आणि विचारलं, हा कागद इथून कुठे-कुठे जातो? अहो, इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. काका म्हणाले, बेटा, देव नेईल तिकडे जातो. तिनं पेन बंद करून पर्समध्ये टाकलं.

ती उठणार तेवढ्यात मेश्रामसाहेब बोलले. "आज भरू नका. आम्ही आधी आमचं घर नीट करतो, मग तुम्हाला बोलावतो." ती दारापर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, नीट करायला मीच आले तर चालेल का?

पुढच्या रविवारपासून ती येऊ लागली. महिन्याभरात तिच्या घरमालकानं घर विकायला काढलं, तेव्हा नवीन जागा काकांनीच शोधून दिली, आपल्या एका नातेवाइकाकडे वरच्या मजल्यावर. खोली छान, माणसं चांगली. पण आता तो पत्ता मंडळात तिघांना माहीत होता, आणि त्या तिघांत एक जगदाळेकाका! मला घोर लागला तो तिथून.

* * *

नीरजानं पहिल्यांदा कंप्यूटर उघडला आणि पासवर्ड विचारला. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिथे त्यांनी तो लाल स्केचपेननं लिहून ठेवला होता, कोणाची अडचण नको म्हणून. पासवर्ड होता मंडळाचं नाव, आणि पुढे एक-दोन-तीन.

तिनं नवीन ठेवला. एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द ओळीनं लावायचे, मतलब कोणाला सुचणार नाही आणि आपण विसरणार नाही. पोहे, छत्री, उंट, एकोणीस. आणि कॅलेंडरवर लिहायचा नाही, अशी ताकीद दिली.

पुढच्या रविवारी बघते तर कॅलेंडरवर पुन्हा लाल अक्षरं. मी भडकले. काका शांत. म्हणाले, शैलाताई, नीट बघा, मोडीत लिहिलंय. आमच्या घरी सगळे जुने कागद मोडीत असायचे, आजोबांनी मला शिकवली. आता इंदुरात मोडी वाचतंय कोण? हे तर कुलपापेक्षा पक्कं. नीरजाला हसू आवरेना.

त्याच दिवशी एक पंच्याऐंशीचे आजोबा नातवासाठी आले. काठी टेकवली, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. खोलीत दहा-बारा माणसं होती. आजोबांची नजर कॅलेंडरवर गेली आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "पोहे... छत्री... उंट... एकोणीस." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हा कोणता मंत्र हो?"

मी काकांकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जिना उतरला असता. आणि काका? त्यांचा चेहरा फुललेला! आजोबांचा हात हातात घेऊन ते विचारत होते, "अक्षर वाचता आलं ना बरोबर? पन्नास वर्षांनी लिहिलं मी."

* * *

रविवारचे पोहे आम्ही खालच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून आणतो. पोहे, वरून शेव, जिरावण मसाला, आणि बाजूला जिलेबी. कागदावर देतो तो. एकदा मी अर्धे पोहे संपवले आणि खालून कोणाची तरी जन्मतारीख वर आली. चमच्यानं बाजूला सारलं तर रास, नक्षत्र, मोबाइल नंबर. आमच्याच मंडळाचा कागद!

चौकशी केली. ईमेलवर आलेल्या बायोडाट्यांच्या प्रती काका छापून घ्यायचे, कारण स्क्रीनवर वाचलं की त्यांना वाचल्यासारखं वाटत नाही. वाचून झालं की गठ्ठा ठेलेवाल्याला. कागद वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

मी तशीच हात न धुता खाली गेले आणि ठेलेवाल्याकडून उरलेला गठ्ठा परत मागितला. त्यानं बिचाऱ्यानं निमूट काढून दिला. मग वरचे चार कागद बाजूला करून एक माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "मैडम, ये वाला रिश्ता अच्छा है। बाकी तो ऐसे ही हैं।"

खोटं कशाला बोलू, मुलगा खरंच चांगला निघाला. पण गठ्ठा मेश्रामसाहेबांनी त्या दिवशी बसून एकेक कागद फाडला, आणि फाडलेले तुकडे डब्याच्या पिशवीत घालून महूला घेऊन गेले. तिथे त्यांनी ते अंगणात जाळले, म्हणजे काही राहायला नको.

* * *

काकांना वाटायचं, हे सगळं जास्तच चाललंय. लग्नाच्या कागदात असतं काय असं चोरण्यासारखं? नीरजानं वाद घातला नाही. काकांच्या मुलाचा बारा वर्षांपूर्वीचा बायोडाटा फाइलमध्ये होता, तो तिनं काढला. त्याचं तर लग्न होऊन आता दोन मुलं आहेत. तिनं तो वाचला आणि विचारलं, काकाजी, तुमचा ईमेल उघडून बघू? काका हसत म्हणाले, उघडून दाखव.

तिसऱ्या खेपेला उघडला. पासवर्ड निघाला मुलाचं लाडाचं नाव आणि जन्माचं साल! काका इंदुरी थाटात म्हणाले, अरे भिया, ही तर जादू आहे. ती म्हणाली, नाही काकाजी, तुम्ही ग्रुपवर टाकलेला कागद आहे. मग त्याच कागदावरून तिनं आईचं माहेरचं आडनाव दाखवलं, जन्मगाव दाखवलं. कोणी बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला आणि एवढं सगळं धडाधड सांगितलं, तर तुम्ही त्याला खरा मानाल की नाही? काका पंधरा मिनिटं गप्प बसले. मंडळात असं पहिल्यांदाच घडलं.

त्या दिवशी फॉर्म कापायला घेतला. मेश्रामसाहेब प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच विचारायचे, हे आपल्याला कशाला हवं? घरात खोल्या किती, कशाला हवं? मामांचा फोन, कशाला हवा? आधारची प्रत, कशाला? दर वेळी आमच्याकडे एकच उत्तर, पहिल्यापासून आहे. रकाना कट! मी मध्येच म्हटलं, अहो, असू द्या की, माहिती असलेली बरी. तेव्हा ते म्हणाले, "शैलाताई, आडात नसेल तर पोहऱ्यात येणारच नाही. आपण आडातच भरायचं नाही."

दोन पानांचा फॉर्म अर्ध्या पानावर आला. नावाऐवजी नोंदणी क्रमांक, पत्त्याऐवजी फक्त शहर. ग्रुप बंद. दोन्ही बाजूंनी हो म्हटलं तरच फोन नंबर, आणि तोही ज्याचा त्यानं स्वतः द्यायचा. एक वडील जाम चिडले, माझा मुलगा काय कैदी आहे का, क्रमांक द्यायला? पण मुलींची नावं अशी वाढली की आमची आम्हालाच गंमत वाटली. ज्या कधी यायला तयार नव्हत्या, त्या येऊ लागल्या.

* * *

आता दोन आयांचा किस्सा. नावं सांगणार नाही, आता माझीही जीभ सुधारली आहे!

दोन्हीकडून हो झालं, नावं कळली, पण मुलाच्या आईला मुलगी आधी पारखून घ्यायची होती. त्यांनी इन्स्टाग्रामवर 'कॉलेजची जुनी मैत्रीण' म्हणून खोटं खातं उघडलं आणि मुलीशी गप्पा सुरू केल्या. मुलगी काय गुणी! पहाटे पाचला उठते, सासूला आईसारखं मानेन म्हणते, पुरण हातानं वाटते. मुलाची आई खूश. महिना-दीड महिना हे चाललं.

भेट आमच्या खोलीत ठरली. शिंका झाल्या, पाणी झालं. मुलाची आई लाडानं म्हणाली, बेटा, पहाटे पाचला उठून थकत नाहीस का ग? मुलगी म्हणाली, "मी? मी साडेआठला उठते." पुरणाचं विचारलं तर म्हणाली, पुरण मला आवडतच नाही. मुलाच्या आईनं चटकन मुलीच्या आईकडे पाहिलं. मुलीच्या आईनं खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा उलगडलं. लेकीचा पासवर्ड आईला ठाऊक होता. त्या मैत्रिणीला इतके दिवस उत्तरं लेक देतच नव्हती, आई देत होती!

दोन्ही आया एकमेकींकडे बघायला तयार नाहीत. मुलीनं पर्समधून फोन काढला आणि तिथेच बसून पासवर्ड बदलला. मुलानं ते पाहिलं. मग त्यानंही खिशातून आपला फोन काढला.

दोघांचं जमलं ते तिथूनच.

* * *

त्यांच्या लग्नाची पहिली पत्रिका खजराना गणपतीला ठेवायची म्हणून दोन्ही घरच्यांनी आम्हालाही बोलावलं. मेश्रामसाहेब देवळात येत नाहीत, ते बाहेर स्टॉलपाशी थांबले. दर्शन झालं, बाहेर स्टॉलपाशी आल्यावर मुलीच्या वडिलांनी सगळ्यांच्या हातावर मोठाले लाडू ठेवले. नीरजा पण होती.

तेवढ्यात काकांना कोणीतरी जुने परिचित भेटले. झालं! हे कोण, ते कोण, ओळखी सुरू. "आणि ही आमची नीरजा. कंपनीत आहे. राहायला आता आपल्याच त्या..." मी चार पावलं मागे होते, माझा हात पोचेना. मेश्रामसाहेबांनी आपल्या हातातला अख्खा लाडू काकांच्या तोंडात कोंबला.

परिचित गेल्यावर मी काकांना इतकं बोलले, इतकं बोलले की फुलवालीसुद्धा बघायला लागली. पुन्हा घर बदलायला लावणार का तिला? काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "शैलाताई, मुद्दाम नाही हो करत. माणूस दिसलं की मला सांगावंसं वाटतं. सबंध जन्म हेच केलं." नीरजानंच त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि चला म्हणाली. पण रिक्षात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, ते मी पाहिलं.

नवा फॉर्म तिनंही भरला होता, आणि एका ठिकाणी बोलणं सुरू झालं होतं. देवासचा एक शिक्षक, आमच्याच नोंदणीतला. तीन महिने झाले, दर शनिवारी दोघं बाहेर कॉफी प्यायला भेटतात, आणि त्यानं अजून तिला पत्ता विचारलेला नाही. मला वाटतं, तिला तो आवडतो तो त्यासाठीच. विचारायला गेले तर म्हणाली, मावशी, ते माझ्या फॉर्ममध्ये नाही. रकाने कापले आम्हीच ना!

* * *

आणि मग गेल्या महिन्यातला तो रविवार.

साडेअकराला एक गृहस्थ जिना चढून आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. खुर्ची सरकवून बसले, पूर्वजांची वगैरे चौकशी केली, काका एकदम खुलले. भाचा पुण्यात आहे म्हणाले, मोठ्या पगारावर. त्याच्यासाठी एक मुलगी मनात आहे. तिचं नाव नीरजा.

तिचा पहिला नवरा ओळखीची माणसं पाठवायचा, ते मला आठवलं. नावानं कोणी विचारतच नाही आमच्याकडे, नाव बाहेर जातच नाही. यांना नाव ठाऊक, शिक्षण ठाऊक, नक्षत्रसुद्धा ठाऊक. बोलता बोलता म्हणाले, भाच्याच्या आईला आधी घर बघायचं आहे, मुलगी राहते कुठे, शेजार कसा आहे. मुलीला आत्ताच काही सांगू नका, उगाच टेन्शन घेईल. तुम्ही फक्त पत्ता द्या.

बाराला नीरजा येणार होती. मी टेबलाखाली फोन धरून तिला मेसेज केला, आज येऊ नकोस, का ते नंतर सांगते. मेश्रामसाहेब उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. आणि काका त्या माणसाच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले होते.

"नीरजा ना? अहो, आमच्या घरातलीच," काका म्हणाले. मी डोळे मिटले. मग सुरू. पोरगी किती हुशार, मंडळाचं काम कसं सुधारलं, स्वभाव किती गोड. तो माणूस मान डोलावत होता आणि खिशातून पेन काढून तयार. काका म्हणाले, पत्ता ना, त्यात काय, आपलीच माणसं तुम्ही. मला वाटलं, उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. मी खुर्ची मागे सरकवली.

काकांनी ड्रॉवर उघडला, एक कोरा कागद काढला आणि त्याच्या पुढे ठेवला. म्हणाले, तुमच्या हातात पेन आहेच, तर आधी आपलं एवढं लिहा. पूर्ण नाव. राहता पत्ता, घर नंबरासकट. मोबाइल. नोकरी कुठे, ऑफिसचा पत्ता. शेजारच्या दोन घरांची नावं, आम्ही येऊन विचारपूस करू. आणि एक फोटो मी काढतो इथेच, असं म्हणून त्यांनी आपला फोन हातात घेतला.

त्या माणसानं पेनाचं टोक कागदावर टेकवलं. मग उचललं. काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातल्या मेश्रामसाहेबांकडे पाहिलं. फोन समोर आला तसा त्यानं चेहरा बाजूला केला. त्याचा आवाज चढला.

"हे काय चाललंय? मी कुठे राहतो ते अनोळखी माणसांना का म्हणून लिहून देऊ?"

काकांनी फोन खाली ठेवला. मिठाईचा डबा उचलून त्याच्या हातात परत दिला.

"अगदी बरोबर बोललात भिया," ते म्हणाले. "आमच्या मुलीचंही हेच म्हणणं आहे."